हिसानोताईची टाकी

संध्याकाळी हिसानोताई टाकी धुवायला घ्यायची तेव्हा घरी निघालेली माणसं दारात क्षणभर थांबायची. एक बुटकी बाई स्टुलावर उभी राहून कमरेपर्यंत टाकीत वाकलेली असायची, बाहेर दिसायची ती फक्त तिची पाठ आणि रबरी बूट. आतून पाणी मारल्याचा, मग फडका फिरल्याचा आवाज येई. शेवटी ती बोट दाबून पोलादावरून ओढायची. ‘कुच्’ असा आवाज आला की धुणं झालं. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून. कुणी बघतंय म्हणून ती जास्त घासत नसे, आणि कुणी नाही म्हणून कमी नाही. मी आयुष्यभर हातानं काम केलं आणि माणूस त्यावरूनच ओळखला. त्या मापानं तिच्या बरोबरीचा माणूस मला फारसा भेटला नाही.

आमचा कारखाना कासुमिगाउरा सरोवराच्या काठचा. पुढे रस्ता, मागे कमळकाकडीची तळी. दुसऱ्यांच्या नावाची लेबलं लावून जाणारी तोंडाला लावायची क्रीम आम्ही बनवायचो. मी मेण आणि तेल वितळवायच्या खोलीत होतो. माझ्याकडून गरम तेल पाइपानं हिसानोताईच्या टाकीत जायचं, तिथं त्याची क्रीम व्हायची. वाफेची नळी आम्हा दोघांत एकच, त्यामुळे भांडणंही बरीच झाली. तिला वाफ हवी असली की ती नळीवर पान्हा वाजवायची. मी ऐकलं नाही तर आणखी जोरात.

ती डोंगराकडची. तंबाखू लावणाऱ्या गावातून नुमाजिरींच्या घरात सून म्हणून आली. त्या घराचं तळं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूनं तिला कंद काढायला तळ्यात उतरवलं, तर थंडीनं तिची दातखीळ बसली. सासू म्हणाली, ही पाण्यातली नाही, हिला कारखान्यात पाठवा. हे हिसानोताईच हसत हसत सांगायची. कारखान्यात तिला मुकाईउस्तादांच्या हाताखाली दिलं. उस्ताद बोलत कमी आणि टाकीच्या काठावर पळी आपटत जास्त. त्यांनी शिकवलेलं ती कधी विसरली नाही. उस्ताद वारले, टाकी तिची झाली.

तिचा नवरा तोमेजी. उंच, वाकलेला, सतत कुणाची तरी खोड काढणारा. हिवाळाभर तो छातीभर पाण्यात उभा राहून कंद काढायचा. पंपाच्या पाण्यानं चिखल सैल करायचा आणि आत हात घालून कंद चाचपायचा. नव्या वर्षाच्या जेवणात अख्खा कंदच लागतो. पेर मोडलं की भोकांत चिखल शिरतो आणि माल टाकून द्यावा लागतो. जाड हातमोज्यांतून पेर कळत नाही, म्हणून तोमेजी उघड्या हातानं काढायचा. त्या हातांना दर हिवाळ्यात भेगा पडत. भेगांत चिखल, चिखलानं पू. मी सांगतोय त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तर दोन बोटं इतकी सुजली की डॉक्टरांनी ती चिरली. आणि बजावलं की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा असं झालं तर पाणी सोडावं लागेल, नाहीतर बोटं.

डबा खाताना हिसानोताईनं मला हे सांगितलं. शेजारचा तळंवाला तळं मागतच होता. येता हिवाळा हात टिकले तर वसंतात लागवड करायची, नाहीतर तळं देऊन टाकायचं, असं तोमेजीनं ठरवलं होतं. ठरवलं आणि त्यावर एक विनोदही केला. विनोद काय होता ते तिनं सांगितलं नाही. नुसती लोणच्याचा मुळा चावत बसली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या मालकांनी, हानावांनी, नवं काम घेतलं. पाण्यात काम करणाऱ्यांसाठी हाताची क्रीम. मासळीबाजार, धोबीखाने, तळी. पाण्यानं धुऊन जाणार नाही अशी. ती बसवायला ओबाता नावाचे रसायनवाले योकोहामाहून आले. तिशीचे, चष्मा, मान नेहमी जरा खाली. मला ते पहिल्या दिवशीच आवडले, कारण त्यांनी आपल्या काचेच्या नळ्या स्वतः धुतल्या.

त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. आपण आजवर करत आलो त्या क्रीममध्ये पाणी बाहेर असतं आणि तेलाचे थेंब आत. म्हणून ती हात धुतला की जाते. आता उलटं करायचं. तेल बाहेर, पाण्याचे बारीक थेंब आत कोंडलेले. पण पाण्याला कोंडून राहायला आवडत नाही. थेंब एकमेकांना शोधतात, मिळतात, आणि एक दिवस पाणी वेगळं होऊन बाहेर येतं. त्यांना धरून ठेवायला ओबातांनी एक दाट, मधासारखा पदार्थ आणला होता. अमिनो आम्लापासून केलेला. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. सोबत त्याच जातीच्या आम्लाची पांढरी पूड पाण्यात विरघळवायची. सूपला चव आणायला बायका घालतात तिच्या घराण्यातली. ते कळल्यावर कारखान्यात कुणी ना कुणी रोज विचारायचं, ‘‘काय हिसानोताई, आज सूप कितीजणांचं?’’

हिसानोताईनं ओबातांना एकच प्रश्न विचारला. ही क्रीम तळ्यात टिकेल का? त्यांनी त्यांच्या काचेच्या भांड्यात केलेल्या क्रीमची एक बरणी तिला दिली, म्हणाले, लावून बघा.

बघण्यासारखंच झालं. तोमेजीनं ती ऑक्टोबरभर लावली. पाण्यातून हात वर काढला की पाणी मणी होऊन गळून जायचं. भेगा पडल्या नाहीत. बरणीचा तळ दिसायला लागला तशी हिसानोताई त्याच्या मागे लागली की कमी लावा, बोटाच्या टोकाएवढी घ्या. मी एकदा त्यांच्याकडे गेलो असताना तिनं माझ्यासमोर सांगितलं की टाकीतली क्रीम झाली की मग काही काळजी नाही, वसंतात खुशाल लागवड करा. तोमेजी हात पुसत म्हणाला, ‘‘अगं, टाकीतली होऊ तर दे. एका बरणीच्या भरवशावर कुणी लागवड करत नाही.’’

आणि टाकीतली होत नव्हती.

पहिला घाणा छान दिसला. पांढरा, चकचकीत. कपात पाणी घेऊन त्यात बोटभर क्रीम टाकली तर ती गोळा होऊन तरंगली, पाणी निवळ राहिलं. तेल बाहेर असल्याची तीच खूण. मालकांनी सगळ्यांना चहा दिला. पण थोड्या दिवसांनी बरण्यांची झाकणं उघडली तर वर घामासारखे थेंब. तीच क्रीम कपात टाकली तर पाणी दुधासारखं झालं. म्हणजे आतबाहेर पुन्हा उलटलं होतं. तोमेजीला दिलेल्या बरणीतली क्रीम दुपारपर्यंतही हातावर टिकली नाही. तो म्हणाला, तुमची क्रीम माझ्यापेक्षा चिखलालाच जास्त आवडली. हिसानोताई त्यावर हसली नाही.

ओबातांनी ढवळणीचा वेग बदलला, माझ्याकडून तेल कमी तापवून घेतलं, पाणी आणखी सावकाश सोडायला सांगितलं. दुसरा घाणाही तसाच गेला. त्यांच्या काचेच्या भांड्यातली मात्र दर वेळी ठणठणीत. तीच पूड, तेच तेल. मालक वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की वर्षअखेरीच्या आत आणखी एकदा करू. नाही जमलं तर काम परत करायचं, ओबातासाहेब योकोहामाला जातील, आपण आपली तोंडाची क्रीम करू. आम्हा बाकीच्यांचं त्यात काही जाणार नव्हतं. हिसानोताईनं मान डोलावली, आणि त्या संध्याकाळी टाकी नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आधी ओबाता माझ्या खोलीत आले. हातात एक छोटी बाटली, आत स्वच्छ पाणी. ती त्यांनी हलवली. वर फेस आला, थोडासा, पण बसेना. कोरड्या टाकीची भिंत त्यांनी पांढऱ्या कागदानं पुसली होती आणि तो कागद या पाण्यात बुडवला होता. साबण, ते म्हणाले. एवढासा साबणही ही क्रीम उलटवायला पुरतो, कारण साबणाची ओढ नेमकी दुसऱ्या बाजूला, तेलाला पाण्यात कोंडायची. काचेची भांडी ते स्वतः धुतात आणि खूप खळबळतात, म्हणून तिथं बिघडत नाही.

मग ते म्हणाले, नेमोतोराव, तुम्ही त्यांना सांगा, तुमचं जुनं नातं आहे. मी म्हणालो, शोधलं तुम्ही, सांगायचंही तुम्हीच. दोघंही चहाचे पेले हातात घेऊन उभे राहिलो. चहा गार झाला. बाटली टेबलावरच राहिली.

हिसानोताई आली, डोक्याला रुमाल बांधला, आणि तिची नजर बाटलीवर गेली. कसली म्हणून विचारलं. ओबातांनी खरं ते सांगितलं, खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. तिनं बाटली उचलली, हलवली, उजेडाकडे धरली, झाकण काढून वास घेतला.

‘‘हा माझ्या टाकीतला?’’ ती म्हणाली.

ओबाता म्हणाले, ‘‘हो. हिसानोबाई, तुम्ही नीट खळबळता ते मी पाहिलंय. तरी हा येतो कुठून ते मला कळत नाही.’’

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग स्टुलावर बसली. ती कामाच्या वेळी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

‘‘शेवटचा हात,’’ ती म्हणाली. ‘‘खळबळून झालं की पातळ साबणाच्या पाण्यात फडका पिळून मी एक हात फिरवते. मग तो धुवायचा नाही. मुकाईउस्ताद म्हणायचे, उद्याची क्रीम चांगली धरते.’’

ओबातांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की उस्तादांचं बरोबरच होतं. तुमच्या जुन्या क्रीमला साबणच बांधून ठेवायचा, ती भिंतीवरच्या साबणानं सुधारायची. ही त्याच साबणानं बिघडते. चूक असेल तर माझी, मी धुण्याबद्दल काही विचारलंच नाही.

‘‘विचारलं असतंत तरी मी हे सांगितलं नसतं,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळी दात घासले हे कुणी कामात सांगतं का?’’ मग बाटली मांडीवर ठेवून म्हणाली, ‘‘म्हणजे दोन्ही घाणे मीच घालवले. तोमेजींच्या हातांची आशा मीच रोज संध्याकाळी पुसून टाकत होते.’’

मी म्हणालो, ‘‘तुम्ही नाही. मुकाईउस्तादांनी घालवले. ते वारलेत, त्यांच्यावर ढकललं तर ते पळी आपटणार नाहीत.’’

ती हसली आणि हसताना डोळे भरले. रुमालाच्या टोकानं तिनं ते पुसले आणि उठली. टाकी उघडायला घ्या, म्हणाली.

त्या दिवशी आम्ही टाकी पार सोडवली. तोटी काढली, रबरी कड्या काढल्या, भिंत खरवडणाऱ्या पट्ट्या उतरवल्या. पट्ट्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांचा पिवळट थर होता. नुसतं उकळतं पाणी, पुन्हा पुन्हा. ओबाता दर वेळी कागद फिरवून बाटली हलवायचे. फेस येणं थांबलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मग ते म्हणाले की आता पूर्ण कोरडी करायची आणि क्रीममध्ये जाणाऱ्या तेलाचाच हात भिंतीला द्यायचा. यापुढेही रोज असंच. साबण नाही, शेवटचा हात तेलाचा.

मी म्हणालो, द्या, मी देतो तेलाचा हात. तिनं फडका सोडला नाही. टाकी माझी आहे, म्हणाली. आत वाकली आणि तेल फिरवू लागली, वरून खाली, एक जागा न सोडता. मध्येच थांबली. आतून आवाज आला, ‘‘नेमोतोभाऊ, हे फार घाण वाटतं हो.’’

मी म्हणालो, वाटणारच.

‘‘तेलकट भांडं तसंच ठेवून घरी जायचं. उस्तादांनी मला हाकलून दिलं असतं.’’

पण तिनं हात पुरा केला. बाहेर आली, टाकीवर स्वच्छ कापड झाकलं आणि रोजच्यासारखी टाकीसमोर वाकली. रोज ती काम संपल्यावर तशी वाकायची, आम्ही सगळेच वाकतो. त्या दिवशी तिची मान बराच वेळ खाली राहिली. ती उस्तादांची माफी मागत होती की टाकीची, मी विचारलं नाही. ओबाताही तिच्या मागे उभं राहून वाकले.

तिसऱ्या घाण्याच्या दिवशी थंडी खूप होती. त्सुकुबा डोंगराकडून वारा होता आणि माझं तेल पाइपात गोठायला बघत होतं. तिनं पान्हा वाजवायच्या आधीच मी वाफ वाढवली. दाट पदार्थ टाकीत गेला. पूड विरघळलेलं पाणी तिनं त्यात पळीपळीनं घातलं आणि ढवळणी फिरत गेली तशी टाकीत कपड्यांच्या खळीसारखी पारदर्शक चिकट जेली तयार झाली. तीच सगळ्याचा पाया. ती नीट बसली नाही तर पुढे कितीही मेहनत करा, फुकट. मग माझं तेल. आणि मग उरलेलं पाणी, दोऱ्याएवढ्या धारेनं.

धार तिच्या हातात होती. दोरा तुटता कामा नये आणि जाडही होता कामा नये. ती स्टुलावर उभी, एक हात तोटीवर, डोळे टाकीत. जेवणाची वेळ झाली, गेली. मालक येऊन उगाच म्हणाले, थोडं लवकर नाही का होणार. तिनं वर बघितलंही नाही, ते निघून गेले. मी माझ्या डब्यातला भाताचा गोळा घेऊन तिच्या तोंडाशी धरला.

‘‘आत आंबट आलुबुखार आहे का?’’

‘‘आहे.’’

‘‘मग नको.’’

मी आलुबुखार काढून खाल्ला आणि भात तिला भरवला. ओबातांनी तोंड फिरवून हसू लपवलं. पाणी संपलं तेव्हा तिचा तोटीवरचा हात उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. ती म्हणाली, हळू, त्यांचीही तळ्यात अशीच होतात.

कपात क्रीम तरंगली. पण ती आधीही तरंगली होती, म्हणून चहा कुणी मागितला नाही. बरण्या भरल्या. काही गरम कपाटात ठेवल्या, काही खिडकीत. रोज सकाळी रुमाल बांधायच्या आधी हिसानोताई खिडकीतली एक बरणी उघडायची, तिरपी धरून बघायची आणि झाकण लावायची. आम्ही विचारायचो नाही. तिच्या खांद्यांवरून कळायचं.

ओबातांच्या बरणीतलं संपलं होतं. तोमेजी आता टाकीतली लावत होता आणि वर्षअखेरीची घाई ऐन भरात होती. नव्या वर्षासाठी कंद आणायला मी त्यांच्या तळ्यावर गेलो. तो छातीभर पाण्यात, पंपाची नळी बगलेत. मला बघून त्यानं ओरडून विचारलं, बायकोनं पाठवलं की कारखान्यानं. मग दोन्ही हात पाण्यातून काढून माझ्यापुढे धरले. पाणी थेंबाथेंबानं गळून गेलं. नखांत चिखल होता, पण कातडी सलग होती.

‘‘तिला सांगा, एवढ्यात नाचू नको,’’ तो म्हणाला. ‘‘फेब्रुवारी जाऊ दे.’’ आणि पुन्हा हात आत घातला. त्यानं काढून दिलेला कंद माझ्या हाताइतका लांब होता, एकही पेर मोडलेलं नव्हतं.

हे मी तिला सांगितलं नाही. तिला रोज रात्री ते हात दिसतच होते.

जानेवारीत बरण्यांवर थेंब आले नाहीत. फेब्रुवारीत तळ्यांच्या कडेला बर्फाची पापडी धरली, तरी आले नाहीत. मालकांनी तेलाची आणखी पिंपं मागवली, तेव्हा आम्हाला कळलं की काम राहिलं. ओबाता योकोहामाला परत गेले. जायच्या दिवशी त्यांनी हिसानोताईकडून टाकी पुसायचा एक फडका मागून घेतला. कशाला ते सांगितलं नाही, आणि तिनं धुतलेलाच दिला. ते स्टेशनला निघाल्यावर म्हणाली, तेलकट मागत होते की काय, विचारायला हवं होतं.

तोमेजी मात्र बोलेना. हात बरे होते हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारचा तळंवाला दोनदा येऊन गेला. तोमेजीनं त्याला चहा पाजला, त्याच्या टोपीची टर उडवली, आणि हो की नाही ते सांगितलं नाही. हिसानोताईनंही विचारलं नाही. ती म्हणायची, विचारलं तर ते माझ्यासाठी म्हणून हो म्हणतील, आणि मग त्या पाण्यात त्यांना मी उतरवलं असं होईल. मार्चअखेर बियाण्याचे कंद वेगळे काढायची वेळ आली. एका संध्याकाळी ती घरी गेली तर तोमेजी अंगणात बसला होता. त्याच्यापुढे चटईवर जाड डोळ्यांचे कंद ओळीनं मांडले होते, आणि तो एकेक उचलून कोंब तपासत होता. तिला बघून म्हणाला, हे कसे वाटतात ते सांग, डोंगराकडची असलीस तरी एवढं कळत असेल. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी वाफेच्या नळीपाशी सांगितलं आणि लगेच पान्हा शोधायला वळली.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती उशिरा आली. असं कधी झालं नव्हतं, मालक दोनदा दाराशी डोकावून गेले. आली तेव्हा बुटांवर चिखल, बाहीवर चिखल, कपाळावरही एक रेघ. हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धुतले.

‘‘अर्धं तळं लावून झालं,’’ ती म्हणाली. ‘‘उरलेलं ते एकटे लावतील. तेल तापलं का?’’

‘‘केव्हाचं.’’

तिनं रुमाल बांधला आणि स्टुलावर चढली.